टंचाई ते अतिवृष्टी: एका जिल्ह्यातल्या सेवा जोडणीच्या नोंदी, २०२४

मराठवाड्यातल्या एका जिल्हाधिकारी कार्यालयात काम करताना ठेवलेल्या या नोंदी आहेत. शेजारच्या जिल्ह्यांत हेच काम आता सुरू होत आहे, त्यांना उपयोगी पडाव्यात म्हणून एकत्र केल्या. जिल्ह्याचं, कार्यालयांचं आणि माणसांचं नाव मुद्दाम दिलेलं नाही.

८ जानेवारी

फाइलवर एका ओळीचा विषय आहे: 'जिल्ह्यात सर्व्हिस ओरिएंटेड आर्किटेक्चर राबविणेबाबत'. म्हणजे एका कार्यालयाची नोंद दुसऱ्याच्या संगणकाने थेट विचारून घ्यायची सोय; अशा प्रत्येक सोयीला या नोंदींत 'सेवा' म्हटलं आहे. सोबत एका पुरवठादाराचा प्रस्ताव. चित्रात मधोमध सर्व्हिस बस (सगळ्या प्रणालींचे निरोप इकडून तिकडे नेणारं सॉफ्टवेअर), भोवती महसूल, जिल्हा परिषद, कृषी, पाणीपुरवठा, भूजल, आणि सगळीकडे दुहेरी बाण. बाणांवरून काय जाणार, ते पाठवायची जबाबदारी कोणाची, चुकीचं गेलं तर दुरुस्त कोण करणार, याबद्दल एक वाक्य नाही. परवान्याची किंमत मात्र वर्षनिहाय मांडली आहे.

निवासी उपजिल्हाधिकारी साहेबांपुढे टिपणी ठेवली: खरेदी तूर्त थांबवावी, आधी कोणती नोंद कोणत्या कार्यालयाची अधिकृत मानायची ते ठरवावं. आधार म्हणून केंद्र सरकारचं २०१५ चं ओपन एपीआय धोरण (एका प्रणालीने दुसरीला माहिती विचारायची खुली सोय) आणि त्याच वर्षीची ई-गव्हर्नन्ससाठीची इंटरऑपरेबिलिटी, म्हणजे प्रणाली एकमेकींशी जुळण्याची, चौकट जोडली. हे दोन्ही कागद जवळ ठेवा. 'आमची माहिती त्यांना का द्यायची?' हा प्रश्न प्रत्येक टेबलावर येतो आणि तोंडी उत्तराने फाइल हलत नाही.

टिपणी मान्य झाली. सुरुवात टंचाई शाखेपासून. २०२३ चा पाऊस कमी झालेला, उन्हाळ्यात टँकर वाढणार हे उघड आहे. एकाच गावच्या पाण्यासाठी ग्रामपंचायतीचा ठराव पंचायत समितीत, तिथून प्रस्ताव तहसीलला, तिथून पाहणी, मंजुरी, परत पंचायत समिती. आणि प्रत्येक ठिकाणी तीच माहिती नव्याने टाइप होते. तोवर गावातल्या बाया घागरी घेऊन विहिरीच्या काठावर. हे टाइपिंगमधले दिवस वाचले पाहिजेत, एवढंच या कामाचं उद्दिष्ट धरलं.

१९ जानेवारी

कार्यालयं फिरून तक्ता केला. रकाने चारच: नोंद कोणती, सही कोणाची, किती दिवसांनी बदलते, कोण मागतं.

तिसऱ्या रकान्याने बराच खर्च वाचवला. भूजल सर्वेक्षणाच्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजतात: जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. वर्षातून चारदा बदलणाऱ्या आकड्यासाठी चोवीस तास चालणारी सेवा कशाला? ठरलेल्या नमुन्यातली फाइल, ठरलेल्या तारखेला, बास. टँकरच्या खेपा रोज बदलतात, तिथे सेवा हवी. प्रस्तावातल्या चित्रात या दोन्हींना एकसारखे बाण होते. तक्ता पूर्ण झाल्यावर त्या बाणांतले निम्म्याहून अधिक गळाले.

चौथ्या रकान्यात एक गोष्ट प्रत्येकाने मागितलेली: गावांची यादी. आणि प्रत्येकाकडे ती स्वतःची होती.

२ फेब्रुवारी

गावांची यादी. यात अपेक्षेपेक्षा फार जास्त वेळ जातो आहे.

नावावरून जुळवणी होत नाही. पिंपळगाव, वडगाव, बोरगाव तालुक्या-तालुक्यात आहेत. बुद्रुक आणि खुर्द कुणी पूर्ण लिहितं, कुणी 'बु.', कुणी 'बु।।', कुणी लिहीतच नाही. त्यात सप्टेंबर २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं, विभागाचं नावही बदललं. काही प्रणालींत नवं नाव, काहींत जुनं, आणि शेजारच्या जिल्ह्यातून येणाऱ्या टँकरच्या उद्भवांची (टँकर जिथे भरतात त्या जागांची) नोंद नेमकी त्यातच अडकते.

निर्णय: एका प्रणालीतून दुसरीत नाव जाणारच नाही, जाईल तो कोड. केंद्राच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीचा (गावांना आणि ग्रामपंचायतींना कोड देणाऱ्या यादीचा) कोड मुख्य, सोबत २०११ च्या जनगणनेचा. नाव फक्त पडद्यावर दाखवायला, आणि तेही कोडवरून एकाच जागेहून उचलायचं. नाव बदललं तर एका ठिकाणी बदलेल.

पहिली सेवा म्हणून हीच करायची: कोड द्या, गाव घ्या. दिसायला किरकोळ आहे. वरिष्ठांना दाखवायला यात काही नाही, अशी कुजबुज झाली. पण हिच्याशिवाय पुढची एकही सेवा उभी राहणार नाही, म्हणून आग्रह धरला.

१४ फेब्रुवारी

एका तालुक्याच्या बैठकीत ग्रामपंचायत सदस्य असलेले एक आजोबा यादीवर बोट फिरवत शेवटपर्यंत गेले आणि म्हणाले, "साहेब, आमचा तांडा कुठंय ह्याच्यात?"

नव्हताच. तांडा महसुली गाव नाही, तो शेजारच्या गावाच्या शिवारात मोडतो. पण टँकर लागतो तो तांड्यावर, कारण गावातल्या विहिरीला पाणी असतं आणि तांड्यावर नसतं. दुसरी अडचण गट ग्रामपंचायतींची: एका ग्रामपंचायतीत दोन-तीन महसुली गावं. डिरेक्टरीत ग्रामपंचायतीचा कोड वेगळा आणि गावाचा वेगळा. जिल्हा परिषद पहिला वापरते, महसूल दुसरा. दोन्ही बरोबर आहेत, पण एकाला एक असे जुळत नाहीत.

दुरुस्ती: तीन पातळ्यांचा तक्ता. ग्रामपंचायत, महसुली गाव आणि वस्ती. वस्तीला आपला जिल्ह्यापुरता क्रमांक, आई-गावाच्या कोडला जोडून. टँकरची मागणी वस्तीवर नोंदवायची, मंजुरी महसुली गावावर, बिल ग्रामपंचायतीवर. तक्ता भरायला ग्रामसेवक आणि तलाठी यांना एकाच टेबलावर बसवावं लागतं. वेगवेगळे बसवले तर दोन तक्ते तयार होतात.

२६ फेब्रुवारी

या कामासाठी नेमलेल्या समितीची पहिली बैठक. आदेशात जिल्हाधिकारी अध्यक्ष आणि सगळे विभागप्रमुख सदस्य. अशी समिती व्हीसी (व्हिडिओ बैठका), दौरा आणि सुनावण्या सोडून जमत नाही, आधीच्या तारखा त्यातच गेल्या. जमली तेव्हा सगळा वेळ एका प्रश्नावर गेला: सगळा डेटा एकाच सर्व्हरवर का आणत नाही, म्हणजे भांडणच मिटेल?

प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर सविस्तर दिलं. एकत्र आणलेली प्रत दुसऱ्या दिवसापासून शिळी होते आणि चूक सापडली की दुरुस्त करायचा अधिकार कोणाकडेच नसतो. एस्टोनियाने २००१ पासून एक्स-रोड, म्हणजे सरकारी खात्यांमधली माहितीची देवाणघेवाण, चालवलं ते याच पायावर: माहिती ज्या खात्याची त्याच खात्याकडे, मधला थर फक्त कोणी कोणाला काय विचारलं ते सहीनिशी नोंदवतो. आपला जिल्हा म्हणजे एस्टोनिया नाही, पण हा नियम आपल्याला जसाच्या तसा लागू पडतो.

समितीचे दोन भाग केले. मोठी समिती फक्त नव्या सेवेला मान्यता आणि खात्याखात्यांतला वाद यासाठी. बाकी सगळं लहान गटाकडे: निवासी उपजिल्हाधिकारी, जिल्हा सूचना-विज्ञान अधिकारी, टंचाई शाखेचे अव्वल कारकून, जिल्हा परिषदेचे एक प्रतिनिधी. दर दुसऱ्या आणि चौथ्या गुरुवारी, कार्यवृत्त त्याच दिवशी. लहान गटात अव्वल कारकून असलेच पाहिजेत. कोणती नोंद प्रत्यक्षात कशी होते हे त्यांनाच ठाऊक असतं.

५ मार्च

सेवेचं करारपत्र ठरलं. एका पानाचं. दोन पानांचं केलं तर कुणी वाचत नाही. त्यात: सेवा काय देते, कोणाला देते, सही कोणत्या अधिकाऱ्याची, काय विचारायचं आणि काय परत मिळतं याचा नमुना, बंद पडली तर किती वेळात सुरू करायची, फोन कोणाला लावायचा, आणि बदल करायचा असेल तर किती दिवस आधी कळवायचं.

शेवटच्या कलमावर एका कार्यालयाच्या पुरवठादाराने हरकत घेतली. 'आमच्या प्रणालीत आम्ही कधीही बदल करू शकतो.' वाद वाढू नये म्हणून ते कलम 'शक्यतो आधी कळवावे' असं सौम्य केलं गेलं.

१६ मार्च

लोकसभेची आचारसंहिता लागली. नवी निविदा, नवा कार्यादेश बंद. ऑपरेटर, कारकून, तलाठी सगळे निवडणुकीच्या कामाला. टँकर चालू काम असल्याने सुरू राहतील. चांगलं एवढंच की परवान्याची खरेदी केली नव्हती, नाहीतर अर्धवट निविदा अडकून पडली असती. आधीच असलेल्या सर्व्हरवर मुक्त स्रोतातलं गेटवे (सेवांचे सगळे निरोप ज्यातून जातात ते सॉफ्टवेअर) बसवलं आहे, त्यावर दोन सेवा चालू: गाव कोड आणि टँकर मागणी.

मराठवाड्यात काम करणाऱ्यांनी वर्षाचं वेळापत्रक करताना निवडणुका, मार्चअखेर आणि बदल्यांचा हंगाम हे आधीच कोरे सोडावेत.

२२ एप्रिल

'शक्यतो' या शब्दाची किंमत कळली. ऐन टंचाईत त्या पुरवठादाराने आपल्या प्रणालीत लोकसंख्येच्या रकान्याचं नाव बदलून टाकलं. कुणालाही कळवलं नाही. आपली टँकर सेवा तो रकाना शोधत राहिली, मिळाला नाही म्हणून शून्य धरत राहिली. टँकरच्या खेपा माणशी दिवसाला २० लिटर या हिशेबाने निघतात. लोकसंख्या शून्य म्हणजे खेपाही शून्य. प्रस्ताव 'अपात्र' म्हणून परत गेले, आणि गावं वाट बघत राहिली. एका ग्रामसेवकाने फोन करून ओरडा केला तेव्हा उलगडा झाला.

त्याच रात्री दुरुस्ती. माहिती आली नाही तर शून्य धरायचं नाही, तिथेच थांबून माणसाला विचारायचं. 'माहिती नाही' आणि 'शून्य' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे प्रत्येक करारपत्रात लिहिलं.

लहान गटाच्या बैठकीत कलम पुन्हा कडक केलं. बदलाची सूचना ३० दिवस आधी, लेखी. जुनी आवृत्ती एक पूर्ण हंगाम समांतर चालेल. टंचाईच्या काळात, म्हणजे मार्च ते जून, टँकर सेवेत कसलाही बदल नाही. या वेळी कुणी हरकत घेतली नाही.

१२ जून

ज्यांनी पहिल्या करारपत्रावर सही केली त्या साहेबांची बदली झाली. नव्या साहेबांना सेवा आपल्या नावावर आहे हेच माहीत नव्हतं. करारपत्रावर नावाऐवजी पदनाम घातलं. फोन शाखेचा. आणि लोखंडी कपाटाची किल्ली, दप्तर, शिक्के यांची जी यादी चार्ज देताना होते तीत एक ओळ वाढवली: 'या पदाच्या मालकीच्या सेवा'. तिच्यावर देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची सही. सेवा कोणाची हा प्रश्न पुन्हा निघाला नाही.

१० जुलै

शेतकऱ्यांच्या याद्या जोडायला घेतल्या. पावसाळ्यात नुकसानीचे पंचनामे येतील, त्याआधी तयारी.

एका कार्यालयाची यादी पडद्यावर स्वच्छ मराठी दिसत होती, पण सेवेला त्यातलं एक नाव जुळेना. ती जुन्या फाँटात टाइप केलेली: वरून मराठी, आत इंग्रजी अक्षरं. युनिकोडमध्ये रूपांतर केलं, बरीच नावं जुळली, तरी काही अडून राहिली. सगळी 'ऱ्ह', 'ऱ्या' असलेली. वऱ्हाडे, गोऱ्हे अशी.

हे नीट लिहून ठेवतो, कारण यात फार डोकं जातं. हा अर्धा र दोन प्रकारे साठवला जातो. एक, नुक्त्याच्या ऱ ला हलंत. दोन, साध्या र ला हलंत आणि त्यानंतर एक न दिसणारी जोडखूण. कागदावर, पडद्यावर दोन्ही हुबेहूब एकच. यंत्राला ती दोन वेगळी नावं. त्यामुळे एकच शेतकरी दोनदा यादीत येतो किंवा कुठल्याच यादीत सापडत नाही. माहिती आत येतानाच सगळं एका प्रकारात आणायचा नियम गेटवेवर बसवला. प्रत्येक कार्यालयाला आपली प्रणाली बदलायला सांगून हे होणार नाही.

३ सप्टेंबर

१ आणि २ तारखेला पाऊस तुफान पडला. परभणी, हिंगोली, नांदेड सगळीकडे पाणी. काल पोळा होता, बैलं सजवायच्या दिवशी लोक जनावरं सोडवत होती. सोयाबीन शेंगात भरलेलं, सगळं पाण्याखाली.

आज पंचनामे सुरू. तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक तिघांच्या सहीचा एकत्रित पंचनामा, तो तालुक्यावरून सेवेने जिल्ह्याला. तालुक्यांच्या लाइन येतात-जातात.

५ सप्टेंबर

दुबार नोंदी. तालुक्याने पंचनामा पाठवला, जिल्ह्याच्या सर्व्हरवर नोंदला गेला, पण 'मिळाला' हे उत्तर परत पोचायच्या आत लाइन गेली. तालुक्याच्या प्रणालीने उत्तर नाही म्हणून पुन्हा पाठवला. ६० आर (०.६ हेक्टर) जिरायतीचं नुकसान १ हेक्टर २० आर झालं. केंद्राच्या निकषाने हेक्टरी ८,५०० रुपये धरले तर ५,१०० ऐवजी १०,२००. उद्या वसुली लागली तर ती शेतकऱ्याकडूनच होणार, ज्याने काहीच केलेलं नाही. म्हणून वाटप एक दिवसही पुढे जायच्या आत हे थांबवणं भाग होतं.

उपाय: पंचनाम्याला क्रमांक जिल्ह्यात न देता जिथे तो लिहिला जातो तिथेच द्यायचा. गावाचा कोड, हंगाम, अनुक्रमांक. तोच क्रमांक पुन्हा आला तर नवी नोंद नाही, आधीचंच उत्तर परत. लाइन नसेल तर तालुक्यावरच रांगेत थांबेल, आली की क्रमाने जाईल. आधीच्या दुबार नोंदी तालुक्यांसोबत बसून काढल्या. हा नियम पहिल्याच दिवशी करारपत्रात हवा होता. सेवा कोणतीही असो, 'तीच गोष्ट दोनदा आली तर काय' हा प्रश्न आधी सोडवा.

९ सप्टेंबर

गट क्रमांक. लाइन नव्हती तेव्हा काही मंडळांनी एक्सेलमध्ये याद्या केल्या. गट १२/३ टाकला की एक्सेल त्याची तारीख करतं. काही संगणकांवर १२ मार्च झाली, ज्यांची मांडणी अमेरिकी पद्धतीची होती त्यांच्यावर ३ डिसेंबर. १४५/२ मात्र जसाच्या तसा राहिला, कारण १४५ अशी तारीख नसते. म्हणजे बिघाड फक्त लहान गटांत, आणि वरवर पाहिलं तर यादी ठीक दिसते. संगणकाची मांडणी कळल्याशिवाय उलटं फिरवता येत नाही. मूळ पंचनाम्यांचे कागद काढून दुरुस्त केलं. आता सेवा तारखेसारखा दिसणारा गट क्रमांक स्वीकारतच नाही, आणि कोरी फाइल देताना तो रकाना आधीच मजकूर म्हणून बांधून देतो.

२० सप्टेंबर

मंडळांचा घोळ. २४ तासांत ६५ मिलिमीटरवर पाऊस झाला तर महसूल मंडळात अतिवृष्टी धरतात. मागे नवीन मंडळं झाली तेव्हा काही गावं एका मंडळातून दुसऱ्यात गेली, आणि कृषी खात्याकडे जुनीच रचना. गाव कोड सेवेला तारीखही विचारायला लावली: अमुक गाव, अमुक तारखेला कोणत्या मंडळात. उत्तर आता एकच येतं.

३ ऑक्टोबर

गेटवेच्या नोंदी तपासताना दिसलं की तक्रार शोधायला सोपं जावं म्हणून पूर्ण निरोप साठवला जात होता, आधार क्रमांक आणि बँक खात्यासकट. त्या नोंदी पुरवठादाराच्या माणसालाही दिसत होत्या. लगेच बंद केलं, जुन्या नोंदी पुसल्या, पुसल्याचं कार्यवृत्त केलं. आता नोंदीत फक्त पंचनामा क्रमांक, वेळ, कोणी विचारलं, उत्तर गेलं की नाही. २०२३ चा व्यक्तिगत डेटा संरक्षण कायदा आहेच, पण कायदा नसता तरी हे करावंच लागलं असतं. शेतकऱ्याने खातं क्रमांक अनुदानासाठी दिला आहे, आपल्याला चुका शोधायला नाही.

१५ ऑक्टोबर

विधानसभेची आचारसंहिता. नवीन सेवा थांबल्या, चालू सेवा चालू.

१८ डिसेंबर

टँकर सेवेची जुनी आवृत्ती आज बंद केली. एक तालुका अजून जुन्यावर होता, त्यांना मुदत वाढवून द्यावी असा आग्रह झाला. लहान गटाने पंधरवडा दिला होता, तो संपला. आज सकाळी तिथले ऑपरेटर स्वतः आले, जिल्ह्यात बसून जोडणी बदलून गेले.

सर्वात जास्त वेळ कशात गेला याचा हिशेब लावला तर पहिला क्रमांक गाव-वस्तीच्या तक्त्याचा, दुसरा अक्षरांच्या जुळवणीचा. सॉफ्टवेअर लिहिण्यात त्या मानाने थोडाच वेळ गेला. अंदाजपत्रक करणाऱ्यांनी मनुष्यबळाचा मोठा वाटा या दोन कामांसाठी धरावा.

शेजारच्या जिल्ह्याने सामान मागितलं आहे. त्यांना करारपत्राचा नमुना, अर्ध्या र चा नियम, गट क्रमांकाची तपासणी आणि चार्ज यादीतली ओळ देत आहे. तांड्यांचा तक्ता मात्र देऊन उपयोग नाही. तो ज्याचा त्याने, तालुक्यात बसून, ग्रामसेवक आणि तलाठी दोघांना समोर ठेवूनच करावा लागतो. जमलं तर तांड्यावरचं एखादं जाणतं माणूसही बोलवा.